खजिना काय मागतो

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. त्याने मित्रांना घेऊन मोबाइलवर चाळीस मिनिटांचा सिनेमा केला आणि गावच्या जत्रेत पांढरं कापड बांधून दाखवला. गोष्ट गुप्तधनाची. टेम्पो चालवणारा नायक, तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान असलेली नायिका, आजोबांच्या ट्रंकेतला मोडी कागद, हलशीकडचं रान आणि शेवटी मोहरांनी भरलेला तांब्या. शिट्ट्या भरपूर पडल्या. आता दुसरा भाग करायचा आहे, तोही परदेशात, कारण एकाचे मामा मस्कतला आहेत आणि राहण्याजेवणाची सोय होते. अभ्यास म्हणून पोरांनी १९८४ चा 'रोमान्सिंग द स्टोन' आणि १९८५ चा त्याचा दुसरा भाग 'द ज्युएल ऑफ द नाइल' पुन्हा पाठोपाठ पाहिले. तो विचारतो: "काका, दुसऱ्यात पैसा जास्त दिसतोय, विमान हाय, उंट हाईत, आगगाडी हाय, नट तेच हाईत. तरी पयल्यागत वाटत नाही. का ओ? आणि आमचं तसं होऊ नये म्हणून काय करावं?"

आधी एक सांगून टाकतो. तुमच्या सिनेमाच्या शेवटी नायक नवा टेम्पो घेऊन तिच्या दुकानासमोर येतो आणि टेम्पोवर तिचं नाव रंगवलेलं असतं, हे कुठून आलं ते मी ओळखलं. तिकडे 'रोमान्सिंग'च्या शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गाडीला जोडून आणलेली शिडाची बोट उभी राहते आणि नायकाच्या पायांत मगरीच्या कातड्याचे बूट असतात. तू मगर काढलीस आणि बोटीच्या जागी टेम्पो घातलास. चोरी आहे, पण शहाण्याची चोरी आहे. आपल्याकडे बोट घेऊन कोण काय करणार?

मी गेली तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करून देतो. त्याआधी बेळगावच्या कॅम्पात एका थिएटरात ऑपरेटरच्या हाताखाली होतो, आणि खरं शिक्षण तिथंच झालं. इंग्रजी सिनेमाला इंटरव्हल नसतो. तो कुठं टाकायचा हे आम्ही केबिनमध्ये ठरवायचो. दोन हजार फुटांचं रीळ, म्हणजे वीसेक मिनिटं. पाच-सहा रिळांत सिनेमा संपायचा, आणि त्यातलं कुठलं तरी रीळ संपताना दिवे लावायचे. आमचे ऑपरेटरमामा म्हणायचे, पब्लिकला चहा पिताना भांडायला काहीतरी मिळेल तिथं तोड. 'रोमान्सिंग'ला ही जागा सापडेना, कारण कुठंही तोडलं तरी खालून आरडाओरडा व्हायचा. दुसरा भाग लागला तेव्हा उलटी तऱ्हा. कुठंही तोडा, लोक शांतपणे उठून शेंगदाणे आणायला जायचे. दोन्ही सिनेमे लांबीला जवळपास सारखे, पावणेदोन तासांच्या आतबाहेर. फरक लांबीत नव्हता.

आणि धंद्यातही नव्हता, हे लक्षात ठेव, नाहीतर तू चुकीचा धडा घेशील. पहिला साधारण एक कोटी डॉलरमध्ये झाला होता, दुसऱ्याला त्याच्या दुपटीहून जास्त लागले, आणि अमेरिकेत दोघांनी जवळपास सारखीच कमाई केली, साडेसात कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे दुसरा पडला नाही. लोक आले, बसले, हसले आणि विसरले. पहिल्यातला चिखलाचा उतार मला चाळीस वर्षांनी जसाच्या तसा आठवतो.

पहिला कशावर उभा आहे ते बघ. जोन वाइल्डर प्रेमकथा लिहिते आणि स्वतः मांजरीबरोबर एकटी राहते. स्वतःच्याच कादंबरीचा शेवट लिहिताना रडते. बहिणीला कोलंबियात पळवलंय म्हणून नकाशा घेऊन निघते आणि चुकीच्या बसमध्ये बसते. ती बस जॅक कोल्टनच्या जीपवर आदळते, त्याचे विकायला धरलेले पक्षी उडून जातात. म्हणजे दोघांची ओळख होते ती नुकसानीतून. तो तिला वाट दाखवायचे पैसे मागतो, घासाघीस होते, ३७५ डॉलरच्या प्रवासी धनादेशांवर सौदा ठरतो. पुढे तो कोयत्याने तिच्या सँडलच्या टाचा तोडतो. आता या एका कृतीत काय काय आहे बघ. तिला चालता यावं म्हणून तो तोडतो, पण तिला न विचारता तोडतो. तिचं शहर तिथं तुटलं, आणि ती चिडलीही आहे. संवाद जेमतेम दोन ओळींचा. मी शिकवायला जातो तिथं सगळ्यांत आधी ही टाच सांगतो.

आणि परदेश तिथं कशासाठी आहे? देखाव्यासाठी नाही. परदेश तिच्याकडून एकेक वस्तू काढून घेतो: सामान, टाचा, वाट, भाषा. सगळं गेल्यावर तिच्याकडे उरतं काय, तर ती लिहिते एवढंच. मग ते दोघं एका अफूगांजाच्या व्यापाऱ्याच्या दारात उभे राहतात, बंदुका रोखलेल्या, आणि तिचं नाव ऐकल्यावर तो माणूस उडतो. तो तिचा वाचक निघतो! दार उघडतं. ज्या लिखाणाला ती स्वतःच जगण्याच्या जागी घेतलेली गोळी समजत होती, त्यानेच तिचा जीव वाचतो. हा प्रसंग हसवतो म्हणून लोकांना आवडतो. मला तो आवडतो कारण त्यात तिचा धंदा कामाला आलाय. प्रत्येक पटकथेत मी हे बघतो, माणसाचा धंदा गोष्टीत कामाला आलाय का. तुमच्यात तो आलाय. मोडी फक्त तिलाच वाचता येते. शाब्बास.

हा सिनेमा डायान थॉमस नावाच्या बाईने लिहिला. तेव्हा ती मालिबूच्या एका हॉटेलात वेट्रेस होती. १९७९ मध्ये मायकल डग्लसने निर्माता म्हणून ती पटकथा अडीच लाख डॉलरना घेतली, आणि पुढे जॅकचं कामही त्यानेच केलं. लिहिणाऱ्या एकट्या बाईची गोष्ट लिहिणाऱ्या बाईने लिहिली होती, ते टेबल आणि ते रडणं आतून आलंय. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस. आता दुसऱ्या भागाची पाटी वाच: लेखक वेगळे, मार्क रोझेंथल आणि लॉरेन्स कॉनर. दिग्दर्शक वेगळा, लुइस टीग, कारण झेमेकिस दुसऱ्या सिनेमात अडकला होता. कॅथलीन टर्नरला पटकथा पसंत नव्हती आणि ती करायला तयार नव्हती, हे तिने पुढे उघड सांगितलंय. करारात बांधलेली होती म्हणून शेवटी केलं. पहिला मार्च १९८४ मध्ये लागला, दुसरा डिसेंबर १९८५ मध्ये लागला. वीस महिन्यांत लिहून, मोरोक्कोच्या वाळवंटात शूटिंग करून, पडद्यावर. डायान थॉमस तो लागण्याआधी दीडेक महिना मोटार अपघातात गेली. दुसरा भाग तिला अर्पण केलेला आहे.

या घाईमुळेच बिघडलं, असं म्हणून मोकळं होता येईल. पण घाईत चांगली कामं होतात, मी पाहिलीत. बिघाड आणखी खाली आहे.

तो समजायला आपल्याकडची गुप्तधनाची गोष्ट आठव. तुझ्या आजीने सांगितली असेल. हंड्यावर नाग बसलेला असतो. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं दिसतं. आणि धन रात्री बोलतं, "येऊ का?" म्हणून विचारतं. घरधनी "ये" म्हणाला की ते पुढचं विचारतं, काय देशील? कुठं थोरला मुलगा मागतं, कुठं आणखी काही. आमच्या शेजारी कन्नड बोलणारी माणसं होती, ती धनाला 'निधी' म्हणायची, आणि त्यांच्याही गोष्टीत तो निधी असाच मागणारा. भाषा बदलली तरी हे बदललं नाही. आपल्या गोष्टींत धन कधी फुकट पडलेलं नसतं. ते बोलतं आणि मागतं, आणि माणूस काय देतो यावरून त्याची जात कळते.

'रोमान्सिंग'चा पाचू बोलत नाही, पण मागतो बरोबर. शेवटी मगर तो पाचू गिळते, खलनायकाच्या हातासकट. जॅकने मगरीची शेपटी धरलेली आहे. तिकडे तटावर जोन त्याच खलनायकाशी एकटी झुंजतेय, जॅकला हाक मारतेय. शेपटी धरू की सोडू? पाचूने विचारलं, काय देशील. जॅक शिव्या देत शेपटी सोडतो आणि भिंत चढायला लागतो. आणि गंमत म्हणजे तो वर पोचेपर्यंत तिने काम उरकलेलं असतं. त्याने दिलं, आणि ते लागलंच नाही! अशी गाठ बसली की मग बोट आणि बूट कितीही गोड असू देत, पब्लिक पचवतं.

आता 'ज्युएल'. सुरुवात खरं तर पहिल्यापेक्षा खोल आहे, हे मी ठासून सांगतो, कारण टीका करणारे हे सोडून देतात. ज्या बोटीचं जॅक स्वप्न बघायचा, ती बोट आहे. दोघं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मजेत आहेत. आणि जोनला लिहिता येत नाही. कादंबरी अडलीय. म्हणजे पहिल्या भागाचं बक्षीस तेच दुसऱ्या भागाचं दुखणं झालं. सुख मिळालं आणि हात थांबला. याहून चांगलं बी दुसऱ्या भागाला मिळत नाही. त्यात ओमार नावाचा एक सत्ताधारी येतो आणि म्हणतो, माझ्या राजवाड्यावर चल, माझं चरित्र लिही. लेखिका, जिला स्वतःचं सुचत नाही, ती भाड्याने दुसऱ्याची थोरवी लिहायला निघते. तू विचार कर, या एका ओळीत किती सिनेमा आहे. ती खोटं लिहील का? चांगलं लिहील का? खोटं चांगलं लिहिता आलं तर तिला स्वतःबद्दल काय वाटेल?

आणि सिनेमा हे सगळं खाली ठेवतो आणि पळायला लागतो. ओमार दुष्ट आहे हे लगेच कळतं, ती लगेच कैदेत जाते, बोटीचा स्फोट होतो, आणि लिखाणाचा विषय संपतो. मग एफ-१६ विमान जमिनीवरून मोटारीसारखं चालवत नेण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग. मजा येते, नाही म्हणत नाही. पण त्या विमानात जोनचा धंदा कुठं आहे? तिच्या जागी दुसरी कुठलीही बाई बसवली तर काय फरक पडतो? काही नाही. टाच तोडण्याला जोनच लागत होती.

मोठी चूक त्याहून पुढं आहे. 'नाइलचं रत्न' म्हणजे हिरा नव्हे, माणूस आहे, एक साधू, त्या लोकांचा पवित्र पुरुष. ही कल्पना ऐकून मी केबिनमध्ये खुर्चीवरून उठलो होतो. खजिना माणूस निघाला! म्हणजे आता तो बोलेल. आपल्या हंड्यासारखा विचारेल, काय देशील. पण तो बिचारा गोड हसतो, हातचलाखी दाखवतो, आगीतून चालतो आणि या दोघांकडून काहीच मागत नाही. पाचू दगड होता तरी मागत होता. हा जिवंत माणूस असून मागत नाही. जॅक रत्नासाठी आला की तिच्यासाठी, यावर दोघांचं थोडं भांडण होतं, पण त्या भांडणाची किंमत कुणाला मोजावी लागत नाही. शेवटी लग्न लागतं. लागलं नसतं तरी चाललं असतं, असं वाटणं हाच बिघाड. (पुढे १९८९ मध्ये याच दोघांनी नवरा-बायको म्हणून घर डोक्यावर घेणारा एक वेगळाच सिनेमा केला. या दोन्ही सिनेमांत रॅल्फ नावाच्या माणसाचं काम करणारा डॅनी डिव्हिटो त्याचा दिग्दर्शक होता. मला तर तोच या जोडीचा खरा तिसरा भाग वाटतो. झुंबराला लटकेपर्यंत किंमत मोजतात दोघं.)

मी हे दुसऱ्याची ढेकळं मोजत बसून सांगत नाही. माझ्या अंगावर आलेलं आहे.

नव्वदच्या दशकात चिकोडी भागातल्या एका नाटकमंडळीला मी एक नाटक लिहून दिलं होतं. दोन घरांच्या मध्ये एक सामाईक भिंत. अलीकडे तो, पलीकडे ती. दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकिवात की भिंतीत हंडा आहे. भिंत पाडायची म्हणजे दोघांनी मिळून पाडायला पाहिजे, आणि दोघांचं पटत तर नाही. रंगमंचावर खरी मातीची वीट लावायचो, रोज एकेक पडायची. शेवटी हंडा निघायचा, आत जोंधळ्याचं बियाणं, आणि भिंत गेल्यामुळे एक घर. तंबाखूच्या हंगामानंतर लोकांच्या हातात पैसा असायचा, निपाणी-संकेश्वर पट्ट्यात तो प्रयोग दणकून चालला. मग मंडळीचे मालक म्हणाले, दुसरा भाग लिहा, या वेळी गोवा दाखवू, जहाज दाखवू. मीही हुरळलो. पुठ्ठ्याचं जहाज केलं, चार माणसं आतून ढकलायची. पोर्तुगीज कप्तान, तलवारी, समुद्राच्या जागी निळं कापड. दोघं नवरा-बायको होऊन एका नकाशाच्या मागे गोव्याला जातात.

पहिल्या प्रयोगाला पडदा पडल्यावर टाळ्या झाल्या, नाही असं नाही. पण पहिल्या नाटकाच्या टाळ्या मला माहीत होत्या. एक म्हातारी मागं आली, नातवाचा हात धरून. म्हणाली, "जहाज चांगलं केलायसा. मी जातो आता, गाडी चुकंल. पण त्या दोघांच्या मधली भिंत कुठं गेली ओ?"

सहाव्या प्रयोगाला जहाज गोदामात गेलं ते गेलंच. मालकांशी माझा हिशेब अजून मिटलेला नाही, तो विषय वेगळा.

त्या बाईने विचारलेलं मी त्यानंतर प्रत्येक दुसऱ्या भागाला विचारतो. पहिल्या भागात दोघांच्या मध्ये काहीतरी असतं, आणि खजिना शोधता शोधता ते पडतं. ते पडलं म्हणून लोक शिट्ट्या मारतात. दुसऱ्या भागात ते नसतंच. मग लेखक घाबरतो आणि त्या रिकाम्या जागेत विमान आणतो, उंट आणतो, जहाज आणतो. पण दोघांच्या मध्ये उभं राहणारं काहीतरी लागतंच, आणि ते बाहेरून आणलेलं चालत नाही. दुसऱ्या भागातली भिंत पहिल्या भागातल्या हंड्याच्याच मातीची असावी लागते. 'ज्युएल'ला ती मिळाली होती, बोटीवर अडलेली लेखणी. त्यांनी ती सोडून दिली.

आता तुमचं बघू.

तुमच्या पहिल्या भागात भिंत कुठली होती? तो शाळा सोडलेला टेम्पोवाला, ती शिकलेली. तिच्या दुकानात माणसं येतात ती नुसती झेरॉक्सला नाही. सातबाऱ्यासारख्या उताऱ्यासाठी, रेशनकार्डासाठी, पेन्शनसाठी कन्नडमधला अर्ज लिहून घ्यायला येतात, कारण बोलतात मराठी आणि कचेरीत कागद जातो कन्नडमध्ये. हे तू दोन मिनिटांत दाखवलंस आणि पुढे गेलास. मला वाटतं तुझ्या सिनेमातली सगळ्यांत खरी दोन मिनिटं तीच. टेम्पोवाल्याला तिच्याकडून वडलांच्या जमिनीचा अर्ज लिहून हवा असतो आणि मागायला लाज वाटते. तांब्या सापडेपर्यंत ती लाज गेली. भिंत पडली. छान.

मग त्यांनी काय केलं? मोहरा विकल्या आणि टेम्पो घेतला.

इथं मी तुला एक कायदा सांगतो, कारण जत्रेत कुणी विचारलं नाही. गुप्तधनाचा कायदा आहे, मूळचा १८७८ चा, इंग्रजांच्या वेळचा; आपल्या कर्नाटकात त्याच्या जागी राज्याचा १९६२ चा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं किमती काही सापडलं, की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं सापडलं, कधी सापडलं. न कळवणं हा गुन्हा. वर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर न्यायचं नाही. म्हणजे तुझा नायक आणि नायिका गुन्हेगार आहेत, आणि टेम्पो हा मुद्देमाल आहे.

दचकू नकोस. मी तर हे कळल्यावर खूश झालो. कारण आता बघ: जी बाई रोज सकाळी दहापासून दुसऱ्यांचे अर्ज लिहिते, तिने स्वतःचा एकच अर्ज लिहिलेला नाही. तिला माहीत आहे कसा लिहायचा. कुठल्या टेबलावर जातो माहीत आहे. रोज त्या कचेरीच्या समोर बसते. आणि लिहिलेला नाही, कारण लिहिला तर टेम्पो जातो, आणि टेम्पो गेला तर त्याची मान पुन्हा खाली जाते. ही तुमची भिंत. पहिल्या भागातल्या मोहरांचीच आहे, आणि टेम्पोवर रंगवलेल्या तिच्या नावाएवढी मोठी आहे. तिला त्या टेम्पोत बसवत नसेल. त्याला कळत नसेल का बसत नाही.

मस्कत मग आपोआप येतं. मोहरा घेतलेल्या माणसाने त्या बाहेर पाठवल्या. दोघं खजिना शोधायला जात नाहीत, परत आणायला जातात. उलटा प्रवास. पहिल्या भागात नकाशा तिने वाचला, आता तिथल्या अरबी पाट्या तिला वाचता येत नाहीत. पहिल्यांदाच ती त्याच्यासारखी, कागदापुढे अडाणी. आणि त्याला मात्र कामगारांच्या गाडीत बसल्या बसल्या हिंदी, मल्याळम, अरबी असं मोडकंतोडकं काहीतरी जमायला लागतं, कारण टेम्पोवाला चार नाक्यांवर चार भाषांत बोललेला असतो. आपल्या भागातल्या माणसाला हे अंगात असतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, गोव्याच्या गिऱ्हाइकाशी कोकणी. परदेशाने तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं आणि त्याला काहीतरी दिलं, असं झालं तर मामांकडे जायला हरकत नाही. नुसती उंच इमारत आणि वाळू दाखवायला जाणार असाल तर तिकिटाचे पैसे वाचवा.

वाचवायचेच असतील तर आणखी एक वाट आहे, तिचाही विचार करा. लोंढ्याहून गाडी तिनईघाटावरून कॅसलरॉकला जाते. डिसेंबर १९६१ पर्यंत त्याच्या पलीकडे पोर्तुगालचं राज्य होतं. कॅसलरॉकला जकात, झडती, सगळं. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली आणि त्या रुळांवरून माणसांची ये-जा थांबली. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेतला मोडी कागद त्याच काळातला असू शकतो. परदेश घरापासून दोन तासांवर होता, आणि घाटात धुकंही फुकट. मी असतो तर आजोबांचा भाग तिथं घातला असता, पण तुमचं मन मस्कतवर बसलंय, तर असो.

थोडं कामाचं. हलशीचं देऊळ गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, तिथं खणण्याचा प्रसंग पुन्हा घेऊ नका. जुन्या देवळांत धनासाठी खणणारे खरोखरच असतात आणि पिंडी उलट्या करून टाकतात. तुमचा सिनेमा बघून एकाने पहार घेतली तर काय? संरक्षित वास्तूत कॅमेरा लावायचा तर परवानगी लागते. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची लागते, आणि ड्रोन तिथं मुळीच उडवू नका. त्याच रानात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. १९१३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलेलं एक वटवाघूळ तिथं राहतं, आणि कित्येक दशकं साऱ्या जगात त्याचा तेवढाच एक पत्ता माहीत होता. आपल्या तालुक्यात खजिना असेल तर मला तो हाच वाटतो, जिवंत आणि उलटा टांगलेला. त्याच्यावर सिनेमा काढायचा झाला तर तो काय मागतो याचं उत्तर सोपं आहे: दिवा विझवा आणि जा.

नायिकेच्या बोलण्याबद्दल. ती "मी येतो", "मी सांगतो" म्हणते, त्यावर पुण्याच्या कुणीतरी व्याकरणाची चूक काढली असं तू लिहिलंयस. ते बदलू नकोस. आमच्या आया, मावश्या तशाच बोलतात. मस्कतच्या विमानतळावर तिने "मी येतो" म्हटल्यावर शेजारचा सातारकर वळून बघेल, तो एक हशा तुला फुकट मिळेल.

खलनायकाला फार वेळ देऊ नका. ओमारला दिला तसा तर नकोच. तुमचा खलनायक तो मोहरा घेणारा माणूस नाही, तो पाऊण रिळाचा आहे. टेम्पोचे हप्ते भरायचे आहेत का रोख घेतलाय, हे मात्र मला आधी कळव, कारण रोख घेतला असेल तर त्याला उत्तर द्यावं लागेल आणि हप्त्यावर असेल तर तिला. आणि पटकथा लिहायला बसण्याआधी तो जिल्हाधिकाऱ्यांना लिहायचा अर्ज खरोखर लिहून काढ. तिच्या हाताने, कन्नडमध्ये, पूर्ण. तारीख, गाव, तांब्यात किती नाणी, कुठल्या झाडाखाली. कुठल्या ओळीशी तिचा पेन थांबतो ते बघ. इंटरव्हल मी तिथं टाकेन.